टॉवर बंद पडल्यावर : हॅम रेडिओची तोंडओळख

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. वार्षिक सभेत मी हिशेबावर बोलायला उभा राहिलो की काय होतं हे त्यांना माहीत असल्यामुळे त्यांनी समोरच्या टेबलावर घड्याळ ठेवलं आहे. मी ते पाहिलं आहे.

विषय आहे हॅम रेडिओ. खाली मुलांनी मला विचारलं, "आजोबा, तुम्ही गाणी लावणार का?" नाही. हॅम रेडिओवर गाणी लावायला नियमानेच बंदी आहे. धंद्याचं बोलायलाही बंदी आहे, आणि सांकेतिक भाषेत गुपचूप बोलायलाही. हॅम म्हणजे हौशी बिनतारीवाला. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, मग स्वतःचा संच, स्वतःची अँटेना, आणि दुसऱ्या परवानाधारकाशी थेट बोलायचं. मध्ये टॉवर नाही, कंपनी नाही, इंटरनेट नाही, रिचार्ज नाही. दोन माणसं, दोन संच आणि मध्ये नुसतं आकाश.

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना हे कशाला? मोबाइल फार चांगलं यंत्र आहे, त्याच्याविरुद्ध माझं काही नाही. पण आपण ज्याला बिनतारी समजतो तो मोबाइल टॉवरपर्यंतच बिनतारी असतो. त्यापुढे बहुतेक सगळा कारभार जमिनीतल्या केबलवर आणि विजेवर चालतो. वीज गेली की टॉवर बॅटरीवर जातो, ती काही तासांची. मग डिझेल लागतं, आणि रस्त्यावर पाणी असताना डिझेल पोचत नाही. शिवाय संकटात गावातला प्रत्येक माणूस एकाच वेळी फोन लावतो. पगाराच्या दिवशी काउंटर एक आणि रांग जिन्यापर्यंत, असं आम्ही बँकेत नेहमी बघायचो, तसंच ते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगडमध्ये आणि जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीला पूर आला तेव्हा चिपळूणमध्ये ज्यांची माणसं होती, त्यांना मी वेगळं सांगायला नको.

आणि बदलापूरकरांना २६ जुलै २००५ तर सांगायलाच नको. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. इकडे उल्हास नदीनं काय केलं ते मात्र बाहेर कमी लोकांना माहीत आहे. आपली सोसायटी तेव्हा पाच वर्षांची होती. तळमजल्यावरची कुटुंबं वरच्या मजल्यांवर आली आणि आमच्या दोन खोल्यांत त्या रात्री अकरा माणसं होती. हे मला नंतर कळलं, कारण मी मुंबईत शाखेत अडकलेला होतो. फोन लागत नव्हता, ना माझा घरी, ना घरचा मला. दुसऱ्या दिवशी मिळेल त्या वाहनानं आणि बाकी पायी असा मी कल्याणला पोचलो. स्टेशनबाहेर बदलापूरची माणसं घोळक्यानं उभी होती. त्यात एकजण म्हणाला, "नदीकडची एक सोसायटी पडली." कोणती? ते त्याला माहीत नव्हतं. कोणी सांगितलं? तेही माहीत नव्हतं.

कल्याण ते बदलापूर रुळांच्या बाजूनं चौदा किलोमीटर. ती चौदा किलोमीटर मी आणि आपल्या ए विंगमधले आणखी दोघे एकमेकांशी एक शब्द न बोलता चाललो. पोचल्यावर पाहिलं तर तिन्ही विंग जागच्या जागी होत्या. पडली होती ती मागच्या बाजूची भिंत. मूळ निरोप होता, 'सोसायटीची कंपाउंडची भिंत पडली'. बदलापूरहून कल्याणला जाईपर्यंत त्यातले दोन शब्द गळाले आणि 'सोसायटी पडली' एवढंच उरलं. कोणी मुद्दाम खोटं बोललं नव्हतं. आज इथे जे चाळिशीच्या आतले आहेत त्यांना हे गोष्टीसारखं वाटेल. आम्हा तिघांपैकी एकजण आज हयात नाही, पण जो आहे तो समोर बसला आहे आणि मान हलवतो आहे.

मला हॅम रेडिओ आवडला तो या दोन शब्दांमुळे. लोक समजतात की यंत्राची गंमत असेल. तीही आहे. पण जुन्या बँकवाल्याला त्यात आपली बँक दिसली. आमच्या वेळी पैसे तारेनं जायचे, टीटी म्हणायचो आम्ही. त्या तारेत रक्कम अक्षरांत असायची आणि सोबत एक सांकेतिक तपासणी आकडा असायचा. पलीकडच्या शाखेत तो आकडा जुळला नाही तर एक पैसाही द्यायचा नाही, मग समोर ग्राहक कितीही ओरडो. हॅम मंडळींची निरोप देण्याची पद्धत याच जातीची आहे. निरोप आधी कागदावर लिहायचा. त्यावर क्रमांक, वेळ, कोणाकडून, कोणाला, आणि मजकुरात शब्द किती ते टाकायचं. मग वाचायचा. पलीकडच्यानं तो लिहून घ्यायचा, शब्द मोजायचे आणि उलट वाचून दाखवायचा. 'सोसायटीची कंपाउंडची भिंत पडली' याचे शब्द चार. पलीकडे दोनच पोचले तर आकडा जुळत नाही, आणि तो लगेच म्हणतो, पुन्हा सांगा. एवढं एक कलम त्या दिवशी पाळलं गेलं असतं तर आमची ती वाट जरा सोपी झाली असती.

मराठीत आणखी एक खोच आहे. आपले आकडे. खरखर चालू असताना 'एकोणसाठ' म्हटलं की 'एकोणसत्तर' ऐकू येतं, आणि 'त्रेसष्ट' की 'त्रेपन्न' याची खात्री देवसुद्धा देणार नाही. म्हणून रेडिओवर पाच-नऊ, सहा-तीन असं एकेक अंक सुटा सांगतात. नावांचंही तेच. पलीकडचा माणूस बंगालचा किंवा केरळचा असू शकतो. कुलकर्णी सांगायचं तर किलो, युनिफॉर्म, लिमा, किलो, अल्फा, रोमिओ, नोव्हेंबर, इंडिया. पहिल्यांदा हसू येतं, पण नाव बिनचूक पोचतं. आणि "पाटील दवाखान्यात आहेत" असा निरोप देऊच नये. आपल्याकडे पाटील तीन आहेत, त्यांतले एक डॉक्टर.

आपल्या देशात हॅमनी काय केलंय याचं सगळ्यात मोठं उदाहरण अंदमानचं. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओ या संस्थेची एक तुकडी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरला गेली. काम निव्वळ हौसेचं होतं. अंदमानातून कितीतरी वर्षांत कोणी हॅम बोललं नव्हतं, त्यामुळे जगभरचे हौशी लोक तिथल्या एका संपर्कासाठी तळमळत होते. सरकारी परवानगी मिळवायलाच भारतीताईंना बराच पाठपुरावा करावा लागला. त्यांचं चिन्ह आहे व्हीयू टू आरबीआय. आम्हा बँकवाल्यांना आरबीआय म्हटलं की आपोआप उठून उभं राहायची सवय, म्हणून हे नाव माझ्या लक्षात राहिलं. २६ डिसेंबरला सकाळी भूकंप आणि पाठोपाठ त्सुनामी आली. बेटांचा संपर्क तुटला. हौसेसाठी मांडलेले तेच संच तुकडीनं कामाला लावले. कोण सुखरूप आहे, कोणाचा पत्ता लागत नाही, काय हवंय, असे निरोप मुख्य भूमीवरच्या हॅमकडे जाऊ लागले. तुकडीतले लोक पुढे कार निकोबारलाही गेले.

यातली माझ्या मते खरी गोष्ट अशी, की ती माणसं त्सुनामीसाठी तिथे गेली नव्हती. आधीचे तीन आठवडे ती रोज नुसती बोलत होती. त्यामुळे अँटेना उभी होती, संच तापलेले होते, आणि पलीकडे ऐकणारे कान तयार होते. संकट आल्यावर खोका उघडून माहितीपुस्तक वाचायला बसलं तर उपयोग शून्य.

१९९९ चं ओडिशातलं चक्रीवादळ, २००१ चा भुजचा भूकंप, २०१८ चा केरळातला पूर, या सगळ्यांत हॅमनी काम केलं. पण घड्याळ चालू आहे, तेव्हा आता सुरुवात कशी करायची ते सांगतो.

बारा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षा देता येते. वरची मर्यादा नाही. मी निवृत्तीनंतर एकसष्टाव्या वर्षी दिली. परवान्याचे प्रकार दोन, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला एक तासाचा ५० गुणांचा पेपर. अर्धा भाग प्राथमिक विद्युतशास्त्र आणि रेडिओचा. ओहमचा नियम, कॅपॅसिटर, लहरींची लांबी असलं, दहावी-बारावीच्या विज्ञानाला थोडी फोडणी दिल्यासारखं. माझी पदवी कॉमर्सची, तरी तीन महिन्यांत जमलं. दुसरा भाग नियमांचा. तो कॉमर्सवाल्याला सोपा आणि इंजिनिअर मंडळींना कंटाळवाणा वाटतो. जनरलला पेपर मोठा आणि शिवाय मोर्स, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं पाठवणं आणि घेणं. तो मी नंतर तीन वर्षांनी दिला. त्या काळात आमच्या घरी कुकरच्या शिट्ट्यांतही मला अक्षरं ऐकू यायची, असं सौ. सांगते. रिस्ट्रिक्टेडवाल्याला व्हीयू थ्रीनं सुरू होणारं चिन्ह मिळतं, जनरलवाल्याला व्हीयू टू. अर्ज दूरसंचार खात्याच्या सरल संचार या संकेतस्थळावर भरायचा. मी घेतला तेव्हा वीस वर्षांच्या परवान्याची फी हजार रुपये होती. नियम आणि फी बदलत असतात, तेव्हा भरताना ताजं पाहून घ्या.

एक गोष्ट ठासून सांगतो, विशेषतः कॉलेजच्या मुलांना. ऑनलाइन चिनी हँडसेट स्वस्तात दिसतो म्हणून परवान्याआधी मागवू नका. परवान्याशिवाय तो वापरणं गुन्हा आहे. त्यावर पोलिसांच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या पट्ट्यात बटण दाबलं गेलं तर आजोबा जामीन राहायला येणार नाहीत. आपल्याच आवारात, एका विंगेतून दुसरीकडे बोलायचं असेल तर ४४६ मेगाहर्ट्झचे कमी शक्तीचे, परवाना न लागणारे वॉकीटॉकी मिळतात. सरकारी मान्यता असलेले बघून घ्यावेत. कमिटीनं असे चार घेऊन वॉचमनकडे आणि प्रत्येक विंगेत एकेक ठेवावा असं मी मागेच लेखी दिलं आहे.

संच दोन तऱ्हांचे. पहिला हातातला, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा, पाच वॉटचा, साध्या मोबाइलच्या किमतीत येतो. त्याच्या लहरी नजरेच्या रेषेत जातात. डोंगर किंवा टॉवरबिल्डिंग आडवी आली की संपलं. खोलीत बसून तो जेमतेम स्टेशनपर्यंत पोचतो. तोच गच्चीवर नेऊन, अर्ध्या मीटरच्या चार-पाच कांड्यांची घरी केलेली अँटेना लावली की पोच कितीतरी पटीनं वाढते. म्हणून जास्त वॉटमागे धावू नये, उंचीमागे धावावं. डोंगरावर कुठे रिपीटर असेल, म्हणजे एका लहरीवर ऐकून दुसरीवर पुन्हा सोडणारं यंत्र, तर आणखी लांब जाता येतं. पण रिपीटरही वीज खातो, तेव्हा संकटात तो नसेल असं धरूनच सराव करायचा.

दुसरा संच लघुलहरींचा. तो स्कूटरच्या किमतीत जातो, त्यामुळे घाई करू नये. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्याच्या लहरी वर आकाशातल्या आयनांच्या थरावर आपटून परत खाली येतात. अँटेना म्हणजे वीस मीटर तांब्याची तार, मधोमध कापून केबल जोडलेली. पुस्तकं म्हणतात, जितकी उंच तितकी चांगली, आणि परदेशाशी बोलायचं असेल तर ते खरं आहे. पण आपत्तीत आपल्याला अर्जेंटिना नको, पुणे, नाशिक, रत्नागिरी हवं. त्यासाठी तार मुद्दाम कमी उंचीवर बांधतात. मग लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि छत्रीवरून पाणी गळावं तशा आजूबाजूला दोन-तीनशे किलोमीटरवर उतरतात. मध्ये सह्याद्री असला तरी बिघडत नाही. दिवसा हे छान चालतं. रात्री तोच पट्टा लांबचे आवाज आणतो आणि जवळचे गिळतो. हे पुस्तकात वाचून कळतं, पण अंगवळणी पडायला दोन पावसाळे जातात.

वीज म्हणाल तर बारा व्होल्टची बॅटरी पुरते. घरातल्या इन्व्हर्टरची मोठी बॅटरी असेल तर काही दिवस ऐकत राहता येतं, कारण खर्च होतो तो बोलण्यात. ऐकण्यात फारसा नाही. हे माणसांनाही लागू आहे, पण ते असो.

सकाळी ७ मेगाहर्ट्झवर निरनिराळ्या ठिकाणची मंडळी 'नेट' भरवतात. एकजण नियंत्रक असतो, तो हजेरी घेतो, त्यानं नाव घेतल्यावरच बोलायचं. आपल्या सर्वसाधारण सभेपेक्षा तिथे शिस्त जास्त आहे एवढंच म्हणतो. चौदा वर्षांच्या मुलालाही तिथे 'ओल्ड मॅन' म्हणतात, आणि निरोप घेताना '७३' म्हणतात, म्हणजे सदिच्छा. मी यंदा त्र्याहत्तर पूर्ण केली, त्यामुळे मला दोन्ही शोभतात.

आता गच्चीवरच्या तारेबद्दल गेल्या काही वर्षांत ज्या तक्रारी आल्या त्यांना उत्तर देतो. किरणोत्सर्ग : मी दिवसाला दहा-पंधरा मिनिटं बोलतो, बाकी वेळ ती नुसती तार असते. बोलत असताना मात्र तिच्या टोकाला हात लागला तर चटका बसू शकतो, म्हणून ती हाताच्या उंचीबाहेर बांधली आहे आणि पाटी लावली आहे. टीव्हीवर रेघा : ज्यांना दिसतात त्यांनी वेळ लिहून ठेवावी, मी माझ्या लॉगबुकातल्या वेळेशी ताडून पाहीन. दोनदा ताडलं, दोन्ही वेळा मी गावाला गेलो होतो. वीज कोसळणं : ही खरी काळजी आहे. तारेला अर्थिंग आहे, आणि मे-जून आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात मी केबल संचापासून काढून बाहेर ठेवतो. त्या वेळात केंद्र बंद. कोणी घाई केली तरी बंदच.

ह्यात काय होणार नाही तेही सांगून टाकतो. माझ्या संचावरून ॲम्ब्युलन्सला फोन लागत नाही. ठाण्याला किंवा पुण्याला जो ऐकतो आहे, ज्याचा फोन चालू आहे, तो १०८ ला लावणार किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवणार. एरवी त्रयस्थांचे निरोप आम्हाला नेता येत नाहीत, आपत्तीत प्रशासनानं सांगितलं तर मुभा असते. त्यामुळे पलीकडचा माणूस ओळखीचा असणं ही अर्धी यंत्रणा आहे. ती ओळख रोज सकाळी थोडी थोडी होते.

आणि इकडचा माणूसही हवा. आज तिन्ही विंग मिळून परवानाधारक एकच आहे, तो चौथ्या मजल्यावर राहतो, आणि लिफ्ट बंद असली की गच्चीवर पोचायला त्याला आता तीन ठिकाणी थांबावं लागतं. २००५ मध्ये पाणी रात्रीत चढलं. माझ्या गैरहजेरीत किंवा माझ्यानंतर तो संच चालू करायला कायद्यानं कोणीच नाही. मुलगा पुण्याला असतो आणि त्याला यात रस नाही, ते ठीक आहे. मला दोन माणसं हवीत. एक चाळिशीच्या आतलं आणि एक शाळेतलं. बायकांनी मागे राहू नये. अंदमानची गोष्ट आत्ताच सांगितली. पुस्तकं माझ्याकडे आहेत, मोर्सची किल्लीही आहे, शिकवणी फुकट. रविवारी सकाळी नऊ वाजता या आणि ऐकत बसा. माइक हातात देणार नाही, कारण परवाना नसलेल्यानं बोलायचं नसतं. लॉगबुक मात्र तुम्हीच लिहायचं.

कमिटीकडेही एक मागणी आहे. तिला पैसा लागत नाही. प्रत्येक फ्लॅटची एक ओळ असलेली वही. घरात किती माणसं, कोणाला रोजचं इंजेक्शन लागतं, कोणाचं डायलिसिस आहे, कोण जिना उतरू शकत नाही, बाहेरगावच्या एका नातेवाइकाचं नाव आणि नंबर. वही कागदाची हवी, मोबाइलमधली नको. दर सहा महिन्यांनी नवी करायची आणि सेक्रेटरींकडे कुलपात ठेवायची, कारण त्यात लोकांची खासगी माहिती असणार. ती नसेल तर मी रेडिओवर सांगणार काय?

सेक्रेटरी घड्याळ माझ्याकडे वळवत आहेत. शेवटची एक सूचना, कमिटीच्या सांगण्यावरून. बी विंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या खोलीपर्यंत तार ताणून धरणारी जी निळी नायलॉनची दोरी आहे, ती कपडे वाळत घालायची दोरी नाही. गेल्या महिन्यात तिच्यावर दोन ओल्या चादरी होत्या, तारेला झोळ आला आणि नागपूरचा माणूस मला ऐकू येईना. चादरी वाळल्यावर घड्या करून टाकीजवळ ठेवल्या आहेत. ज्यांच्या असतील त्यांनी घेऊन जाव्यात.